न पोचलेल्या गाडीचे कंट्रोलर

दुसऱ्या महायुद्धाबद्दल इतिहासकारांनी जे काही लिहिले आहे ते सगळे वरवरचे असून, ते युद्ध मुळात गाड्या वेळेवर न सुटल्यामुळे लांबले, असे ठामपणे मानणारा माणूस जगात एकच असावा, आणि ते माझे साडू आहेत. माझ्या पत्नीच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नोकरीची सगळी वर्षे त्यांनी एस.टी.त काढली, त्यातली बरीचशी कोरेगावच्या स्टँडवर कंट्रोलर म्हणून, काचेच्या खिडकीमागे आणि माइकच्या पुढ्यात. या नोकरीने त्यांना जगाकडे पाहण्याची एक दृष्टी दिली. जगात जे काही घडते ते कुठून तरी सुटते आणि कुठे तरी पोचते. न पोचल्यास मध्ये काही तरी झालेले असते. आणि ते काय झाले याची नोंद करणे हे कुणाचे तरी काम असते. सेनापती, मुत्सद्दी, हुकूमशहा ही मंडळी त्यांच्या हिशेबी प्रवासी होत. ती चढतात, उतरतात, भांडतात. गाडीचे काय झाले, हा खरा प्रश्न.

निवृत्तीनंतर माणसे देवळात जातात, शेत करतात, नातवंडांना शाळेत सोडतात. साडूंनी ब्रह्मदेशाची आघाडी घेतली. त्यांच्या कोरेगावच्या घरात शिरले की पहिल्यांदा दिसतो तो डोंगराळ मुलखाचा एक भलामोठा नकाशा. तो स्वयंपाकघराच्या भिंतीवर आहे, कारण तेवढी मोठी सलग भिंत घरात दुसरी नाही. त्यामुळे फोडणीचे शिंतोडे बरोबर चिंदविन नदीच्या पश्चिमेला उडतात, आणि त्या भागातल्या दोन घाटवाटा आता हळदीच्या डागांखाली गेल्या आहेत. त्यांच्या पत्नी, ज्यांना मी ताई म्हणतो, सुरुवातीला चिडायच्या. नंतर त्यांनी जेवढे करता येईल तेवढे जमवून घेतले. एकदा मी गेलो तेव्हा त्या मला म्हणाल्या, "बसा भाऊजी. चहा टाकते. पर जरा वेळ लागंल, दरड पडलीया न्हवं वाटंवर." साडूंना यात विनोद दिसला नाही. ते म्हणाले, "दरड पुढं हाय. चहाचा डबा अलीकडं हाय." आणि हे खरेच होते: नकाशावरची दरडीची खूण डब्याच्या फळीच्या बरीच पुढे होती.

त्यांचा पत्रव्यवहार विलायतेपर्यंत होता. जुन्या लष्करी कागदांच्या प्रती मागवण्यासाठी ते परदेशातल्या कचेऱ्यांना लिहीत. इंग्रजी त्यांना एस.टी.चेच येत असे, आणि ते त्यांनी कधी बदलले नाही. अशा एका पत्राचा मसुदा त्यांनी मला तपासायला दिला होता. त्यातला मजकूर मराठीत सांगायचा तर असा होता की, सदर वाहन नियोजित ठिकाणी अद्याप पोचलेले नाही, तरी विलंबाचे कारण कळवावे. मी म्हटले, "अहो, हे वाहन न पोचून ऐंशीच्या वर वर्षे झाली. 'अद्याप' हा शब्द काढू या." त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की मी जणू गाडी कायमची रद्द करा म्हणत होतो. "पोचलं का?" त्यांनी विचारले. नाही म्हटले. "मग अद्यापच की." गंमत म्हणजे तिकडच्या एका कारकुनाने त्यांना मनापासून उत्तर दिले, आणि पुढे कित्येक महिने ते दोघे एकमेकांना 'प्रिय नियंत्रक' आणि 'प्रिय अभिलेखाधिकारी' असे लिहीत राहिले.

आमच्या भागात घरटी एक तरी माणूस पलटणीत गेलेला. त्यामुळे साडूंना माहिती मिळवायला कुठे लांब जावे लागत नसे. लग्न, बारसे, दहावा, जिथे माणसे जमत तिथे त्यांचे काम चाले. खंडाळ्याला एका लग्नात नवऱ्या मुलाचे पणजोबा खुर्चीत बसवून आणले होते. शंभरीकडे झुकलेले, त्या लढाईत गेलेल्या पिढीतले बहुधा शेवटचेच. सगळे पाया पडून पुढे जात होते. साडू पाया पडले आणि तिथेच खुर्ची ओढून बसले. म्हाताऱ्याला बऱ्याच वर्षांनी कुणी तरी युद्धाचे विचारले होते. तो खुलला, हातवारे करत संगिनीच्या चढाईचे सांगू लागला. साडूंनी थोडा वेळ ऐकले आणि मग म्हणाले, "आवं बाबा, लढाई ऱ्हाऊ द्या. पेट्रोल कुटं भरत हुता?" म्हातारा थबकला. मग त्याने साडूंच्या मांडीवर थाप मारली आणि म्हणाला, "गड्या, ह्ये आजवर कुनी इचारलंच न्हाई रं!" पुढचा सगळा वेळ ते दोघे डबे, पिंपे आणि नरसाळी यांवर बोलत होते. मुहूर्ताची वेळ टळत आली, पण मुलीकडच्यांना पणजोबांना उठवण्याचा धीर होईना.

हे सगळे कशासाठी, असा प्रश्न कुणालाही पडेल. ते एका ट्रकसाठी होते.

साडूंच्या मूळ गावची, कोरेगाव तालुक्यातली, एक बाई शिराळ्याला दिलेली आहे. गावातले लोक तिला आक्का म्हणतात. वय ऐंशीच्या पुढे, पण पाठ सरळ आणि बोलणे त्याहून सरळ. तिचा बाप किसन दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाकडे ट्रकड्रायव्हर म्हणून गेला तेव्हा ती रांगत होती. वर्षभर त्याची खुशाली येत होती, मग थांबली. युद्ध संपले, गावची इतर पोरे परत आली. त्यांतल्या एकाने सांगितले की, मी सगळ्या आघाडीवर किसनचे नाव घेऊन विचारले, या नावाचा ड्रायव्हर आमच्याकडे आलाच नाही म्हणाले. गावाने यातून निष्कर्ष काढला. गडी वाटेतूनच पळाला. कलकत्त्यात असेल, दुसरे घर केले असेल. त्या दिवसापासून आक्काच्या माहेराला गावात 'पळपुट्याचं घर' असे नाव पडले. ते अजून आहे. पोस्टमनही तसेच म्हणतो, आणि त्यात त्याचा वाईट हेतू नसतो.

साडू निवृत्त झाले त्या वर्षी आक्का गावच्या जत्रेला आली आणि थेट त्यांच्याकडे गेली. तिचे मागणे छोटे होते. पितृपंधरवड्यात घरोघरी म्हाळ घालतात. ज्या तिथीला माणूस गेला त्या तिथीला त्याच्या नावाचे पान वाढतात. आक्काच्या बापाचे पान आजवर कधी वाढले गेले नव्हते. तिला ते एकदा, आपल्या हयातीत, वाढायचे होते. तिचा मुलगा विधी करायला तयार होता. अडचण दुसरीच होती. "मेला म्हणावं तर कुनी सांगिटलं न्हाई," ती साडूंना म्हणाली. "पळाला म्हणत्यात. मग जित्या माणसाचं पान वाढू व्हय? तुमी जलमभर गाड्यांचं बघितलं. माझ्या बापाची गाडी कुटं गेली तेवढं बघा. आन गेला आसंल तर तिथी सांगा."

कुणी तरी सुचवले की, तिथी ठाऊक नसलेल्यांचे म्हाळ सर्वपित्री अमावास्येला घालतात, तू तसे कर. आक्का त्या माणसावर उखडली. "आमुशाला सगळ्या गावाची पंगत. ज्यांचा ठावठिकाणा न्हाई त्यांची. माझा बाप काय बेवारशी हाय?"

साडूंनी हे मागणे ज्या गांभीर्याने घेतले, त्या गांभीर्याने मी कुठल्याही चौकशी आयोगाला काम करताना पाहिलेले नाही. मी सांगलीच्या एका दैनिकात अनेक वर्षे बातम्या तपासत होतो. बातमीत 'समजते' आणि 'कळते' यांतला फरक पाळण्यासाठी माणसे किती भांडतात हे मला माहीत आहे. साडू त्याच्याही पलीकडचे. त्यांना ऐकीव काहीच चालत नसे. त्या भागातल्या मालवाहू तुकड्यांचे जेवढे कागद मिळाले तेवढे त्यांनी मिळवले, आणि त्यांत किसनची खुशाली थांबली त्याच सुमाराची एक घटना त्यांना सापडली. पावसाळ्यात डोंगरातून रसद घेऊन निघालेल्या एका ताफ्यातले चार-पाच ट्रक पोचले नाहीत. रस्त्यावर दरड कोसळली होती. शत्रू आसपासही नव्हता. गोळी सुटली नाही, त्यामुळे कुणाला पदक मिळाले नाही, आणि त्यामुळे कुठल्या पुस्तकात ही गोष्ट आली नाही. रोजच्या नोंदीत अधिकाऱ्याने दोन ओळी लिहून टाकल्या होत्या. साडूंना त्या दोन ओळींचा राग होता. "गाडी दरीत गेली की आमच्यात पंचनामा हुतो," ते म्हणत. "टायरसुदीक मोजत्यात."

मग त्यांनी स्वतःच पंचनामा सुरू केला. सांगलीत त्यांच्या ओळखीचे एक मुसलमान मिस्त्री आहेत. युद्धानंतर लिलावात निघालेले लष्करी ट्रक त्यांच्या वडिलांनी दुरुस्त केलेले. साडू त्यांच्याकडे जाऊन बसत आणि ओल्या चढावर भरलेला ट्रक किती दमतो, इंजिन थंड करायला किती वेळा थांबावे लागते, असले प्रश्न विचारत. मिस्त्री एकदा वैतागून म्हणाले, "साहेब, गाडी घेणार आहे का आपण?" साडू म्हणाले, "न्हाई. गेलेली शोधतोय." मिस्त्रींना वाटले चोरीचे प्रकरण आहे. त्यांनी तातडीने दुकानातल्या दोन माणसांना बाहेर पाठवून दार लावून घेतले आणि हलक्या आवाजात नंबर विचारला.

त्यानंतर खंबाटकी घाटाचा प्रयोग झाला. उसाच्या हंगामात साडू घाटाच्या पायथ्याला आणि माथ्याला फेऱ्या मारत भरलेल्या वाहनांच्या वेळा टिपत बसले. रस्त्यावरच्या पोलिसाला संशय आला. ऊस मोजताय काय, कुठल्या कारखान्याचे, असे त्याने दरडावून विचारले. साडू म्हणाले, "ऊस न्हाई, चढ मोजतोय. ब्रह्मदेशात ट्रक अडकलाय." पोलिसाने त्यांना सावलीत बसवले, पाणी दिले आणि घरचा फोन नंबर मागितला. ताईंनी फोनवर त्याला सांगितले, "राहू द्या तिथंच. सांजच्याला आपसूक येत्यात."

पण ट्रक सापडूनही किसन सापडत नव्हता. पडलेल्या ट्रकांवरच्या माणसांची नावे परदेशातल्या एका स्मारकावर कोरलेली होती. साडूंनी ती एकेक करून वाचली. किसन त्यांत नव्हता. मात्र त्यांच्याच गावचे एक नाव होते, गणू. बापाचे नाव तेच, तालुका कोरेगाव, जिल्हा सातारा. गणू म्हणजे किसनचा थोरला भाऊ, आक्काचा चुलता. ते नाव वाचून साडू आधी हसले आणि मग संतापले. कारण गणू ब्रह्मदेशात मेला नव्हता. तो कोरेगाव तालुक्यात, आपल्या घरी, चांगला म्हातारा होऊन मेला होता. साडूंनी स्वतः त्याला किती तरी वेळा रहिमतपूरच्या गाडीत बसवून दिले होते.

शिवाय गणूच्या मरणाची गोष्ट तर गावातली सगळ्यांत गाजलेली गोष्ट होती. युद्धाच्या दिवसांत चावडीवर सरकारी तार आली की, गणू आघाडीवर कामी आला. ती वाचून दाखवली जात असताना गणू समोर चिलीम भरत उभा होता. सगळी चावडी लोळून हसली. गणूने कधी काळी भरतीला जाऊन छातीचे माप दिले होते, पण पलटणीत काही तो गेला नव्हता. सरकारी कचेरीत नाव राहिले असेल, तिथून हा घोळ, असे सगळ्यांनी ठरवले. कुणी त्याच्या गळ्यात झेंडूची माळ घातली, कुणी विचारले, स्वर्गात चिलीम मिळते का? पाटलाने तार परत पाठवली, सदर इसम जिवंत आहे म्हणून. पुढे कित्येक वर्षे प्रत्येक लग्नात, प्रत्येक जत्रेत ही गोष्ट सांगितली जाई. साडू मला ती सरकारी कारभाराच्या गलथानपणाचा नमुना म्हणून सांगत. सांगताना शेवटी एवढे म्हणत, "पर गणूतात्या लय खट. स्वतः कवा हसायचा न्हाई. गोष्ट सुरू झाली की म्हशींकडं बघून येतो म्हणून उठून जायचा."

साडूंनी लगेच तक्रार लिहिली. आपल्या स्मारकावर एका जिवंत, म्हणजे नंतर घरी मेलेल्या, इसमाचे नाव चुकून कोरले गेले आहे. ते काढून टाकावे. उत्तर आले की, तपासतो. साडूंनी आठवणपत्र पाठवले. पुन्हा उत्तर आले. साडूंनी साक्षीदार म्हणून स्वतःची सही केली, गावातल्या दोन म्हाताऱ्यांचे अंगठे घेतले. त्या काळात ते इतर सगळे काम सोडून या एका नावाच्या मागे लागले होते. यादीत चुकीचा माणूस आहे तोवर आपला खरा माणूस तिथे बसणार कुठे, असे त्यांचे म्हणणे होते.

या प्रगतीची वार्ता द्यायला ते शिराळ्याला गेले तेव्हा मी त्यांच्यासोबत होतो. आक्का ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. साडूंनी सगळे रीतसर सांगितले आणि म्हणाले, "तुमच्या चुलत्याचं नाव हाय तिकडच्या दगडावर. आता काढायला लावतो."

"चुलत्याचं?" आक्का म्हणाली. "तो कशाला जातोय तिकडं? त्यो गेलाच न्हाई."

"तेच की. माप दिलं, पास झालं, आन गेलं न्हाईत."

"माप त्यानं दिलं. गेला माझा बाप."

साडूंचा हात शेंगांच्या सुपाकडे गेला होता, तो तिथेच थांबला. "कुनाच्या नावावर?"

"चुलत्याच्याच की. आवं, तवा आसंच हुतं. सरकारनं थोरला निवडला, आजीनं धाकटा धाडला. चुलत्याकडं मोट हुती. बैलं दुसऱ्या कुनाची हाक ऐकत नव्हती. माझ्या बापानं हाकली की जाग्यावर हुभी ऱ्हायची. चुलता गेला आसता तर मळा वाळला आसता. आई म्हनायची, तुझ्या बापाला सरकारनं न्हाई नेला, बैलांनी धाडला."

"आन हे मला तुमी आज सांगताय?"

"तुमी इचारलं कवा? तुमी नाव इचारलं, गाव इचारलं, गाडी इचारली. आन ही घरातली गोष्ट. भायेर काढायची न्हाई अशी ताकीद हुती. खोटा माणूस धाडला म्हणून सरकार धरून न्हील म्हणायची आजी. आता कोन न्हेतंय?"

एस.टी.त हा प्रकार चालतो. कागदावर एकाची ड्यूटी असते आणि गाडीवर दुसराच असतो. साडूंनी नोकरीभर अशा बदल्या पकडल्या होत्या आणि त्यापायी बऱ्याच ड्रायव्हरांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. त्यामुळे त्यांना उलगडा व्हायला वेळ लागला नाही.  त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग आक्काकडे. मला वाटते, त्या क्षणी हे दुसऱ्या कुणी तरी बोलावे असे त्यांना वाटत होते.

आक्काच बोलली. तिने हातातली शेंग न फोडता सुपात ठेवली. "म्हंजी ती तार..." ती म्हणाली. "चावडीवर आल्याली. ती माझ्या बापाची हुती."

तिने सूप बाजूला सारले.

"आन आमी हसलो," ती म्हणाली. "मी बी सांगिटलीया ती गोष्ट. माझ्या पोरांस्नी. हसत हसत."

तिने सांगितले की, आजी त्या गोष्टीला कधी हसली नाही. लहानपणी तिला वाटे, आजीला हसूच येत नाही. आईला काय कळले होते आणि काय नाही, हे तिला सांगता येईना. "कळलं बी आसंल," ती म्हणाली. "पर कुंकू पुसायचं नसंल तिला." चुलत्याबद्दल तिने एकच वाक्य काढले. "त्यो म्हशींकडं जायचा." मग पदराने तोंड पुसून ती एकदम साडूंवर आली. "आन तुमी ते नाव खोडायला निगालाय व्हय वो? पयलं ते थांबवा!"

शिराळ्याहून कोरेगावपर्यंत साडू एसटीत उभे राहून आले. बसायला जागा होती. घरी पोचताच त्यांनी विलायतेला लिहिले. तक्रार रद्द समजावी, नाव बरोबर आहे, त्या दिवशी बदली चालक होता. उत्तर येईपर्यंतचे दिवस त्यांनी कसे काढले हे ताईच जाणोत. त्या सांगतात की, या काळात घराबाहेर मोटरसायकल थांबली की ते पोस्टमन समजून दारात जात. शेवटी उत्तर आले. नाव जागेवर होते, आणि राहणार होते. 'प्रिय अभिलेखाधिकारी' यांनी खाली हाताने एक ओळ लिहिली होती, की त्यांच्या वाचनात असे कारण प्रथमच आले आहे.

आता फक्त तिथी द्यायची होती, आणि नेमके तिथेच साडू अडले. ताफा एका सकाळी निघाला, वाटेत मुक्काम झाला, दुसऱ्या संध्याकाळी उरलेले ट्रक पोचले. अधिकाऱ्याने नोंद पोचल्याच्या दिवसाची केली, आणि स्मारकावर तीच तारीख आली. पण दरड कधी कोसळली? मिस्त्रींचे सांगणे आणि खंबाटकीच्या वेळा धरून साडूंनी पुन्हा पुन्हा हिशेब केला. पहिल्या दिवशी मावळतीच्या आधी मागचे, न पोचलेले ट्रक दरडीच्या जागी असू शकत होते. दुसऱ्या दिवशी सकाळीही असू शकत होते. एस.टी.च्या नियमाने मुक्कामी गाडी सुटल्याच्या दिवसाची धरतात, पलटणीने न पोचल्याच्या दिवसाची धरली. एका हिशेबाने तिथी षष्ठी येई, दुसऱ्याने सप्तमी.

ते आठवडेच्या आठवडे शिराळ्याला गेले नाहीत. पितृपंधरवडा जवळ येत होता. ताई एकदा मला ऐकू जाईल अशा बेताने त्यांना म्हणाल्या, "आवं, एक कुठली तरी सांगून टाका की. कोन बघाय येतंय?" साडू नकाशाकडे तोंड करून बसले होते. ते म्हणाले, "एवढ्या वर्सांनी बापाला जेवाय बोलवायचं, आन दिवस चुकीचा सांगायचा?" ताईंनी पुन्हा तो विषय काढला नाही. त्या रात्रीच्या भाकरीबरोबर त्यांनी न सांगता झुणका केला, जो साडूंना आवडतो.

अखेर ते गेले आणि आक्कासमोर हात जोडून खरे ते सांगितले. सुटल्याचे ठाऊक आहे, न पोचल्याचे ठाऊक आहे, मधले मला सापडले नाही, मला माफ करा. आक्काने ऐकून घेतले. मग म्हणाली, "त्यात काय हाय? दोनी दीस करू. लांबनं येनारं माणूस. एक दीस मागं-म्होरं व्हायचंच."

सप्तमीच्या दिवशी मी तिथे होतो. आदल्या दिवशीचा म्हाळ झाला होता, आणि आज पुन्हा तोच स्वयंपाक, तीच धावपळ. घरातली तरुण मंडळी जरा कुरकुरत होती, पण आक्कापुढे नाही. मुलाने विधी केला. पितर म्हणून पानावर कुणाला तरी बसवायचे असते. आदल्या दिवशी भावकीतला एक म्हातारा बसला होता. आज आक्काने साडूंकडे बोट केले.

"मी?" साडू म्हणाले. "आवं आक्का, मी कशाला? मी लय धाकटा तुमच्याहून."

"त्यो बी धाकटाच हुता," आक्का म्हणाली. "माझ्या नातवाएवडा आसंल. बसा."

साडू बसले. टोपी नीट केली, मांडी घातली. वाढायला आक्का स्वतः आली. वडे, भाजी, आमटी, खीर. सगळे पान भरले. ती पानासमोर वाकून उभी होती, पळी हातात धरून, आणि पुढचा शब्द तिच्या तोंडून निघायला थोडा वेळ लागला. ऐंशीच्या वर वयाच्या त्या बाईला हा शब्द समोर बसलेल्या माणसाला उद्देशून म्हणण्याची वेळ कधी आली नव्हती.

"आबा," ती म्हणाली, "आनि वाढू?"

 साडूंनी मान वर केली नाही. ते तिला आक्का म्हणत, अहो-जाहो करत. त्यांच्या तोंडून तिच्यासाठी एकेरी शब्द कधी कुणी ऐकला नव्हता. त्यांनी पान किंचित पुढे सरकवले.

"वाढ, बाय," ते म्हणाले.